सावरपाड्याची होडी

जिवा तांडेल धरणावर आला त्या दिवशी त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"याला काय पानी म्हंतात? भरती नाय, ओहोटी नाय, चव नाय."

मी विश्रामगृहाच्या मागच्या दारात मासे साफ करत बसले होते. म्हटलं, "एवढं वाईट हाय तर आलास कशाला?"

"होडी हाकाया आलो, पानी प्याया नाय," तो म्हणाला आणि तरातरा निघून गेला. आमची ओळख अशी भांडणातून झाली आणि पुढेही भांडणावरच टिकली.

मी गोजरा. माहेर आणि सासर दोन्ही नगरकडचं. नवरा बन्सी गवंडी. कारवेलीच्या धरणाची भिंत बांधायला ठेकेदाराने आमच्याकडची माणसं आणली, त्यात आम्ही आलो. भिंत उभी राहिली, माणसं पांगली. बन्सीला डागडुजीच्या कामावर ठेवून घेतलं आणि मला साहेबांच्या विश्रामगृहात स्वयंपाकाला लावलं. तेव्हा तारापूरला वीजघर उभं राहत होतं, कुंभवलीकडे कारखाने येणार म्हणून जमिनी मोजत होते, बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. सगळ्यांना पाणी लागणार होतं. पाणी लागतं, हे मलाही कळतं. मी दुष्काळातली बाई आहे, पाण्याच्या नावाने बोटं मोडणार नाही. माझा राग पाण्यावर नाही.

माझा राग होडीवर आहे. म्हणजे होडीवरही नाही. ती बिचारी लाकडाची.

खोऱ्यात वारल्यांचे पाडे होते. पाणी चढलं तसे ते फुटले. काही घरं सडकेच्या बाजूला आणून बसवली, काही वर डोंगराच्या अंगाला सरकली. वर सरकलेल्यांचा सावरपाडा. आधी त्या लोकांची बाजाराची वाट खोऱ्यातून सरळ होती; डोक्यावर मोळी घेतलेली बाई बोलता बोलता सडकेला यायची. आता मध्ये पाणी. सडकेला यायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, सागाच्या रानातून, चढउतार करत. सकाळी निघालं तर उन्हं कलताना पोचायचं. म्हणून पाडे उठवायच्या आधी आंब्याखाली सभा झाली होती, त्यात धरणखात्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पलीकडच्या लोकांसाठी सरकारी होडी ठेवू. मी तिथे होते. सभेच्या चहाची किटली माझ्या हातात होती.

होडी आली. खोटं कशाला बोलू, साहेब शब्दाला जागले. होडी आली आणि तिला निळा रंग लागला, बाकांवर गाद्या आल्या, वर कापडाचं छत आलं. मग साहेबलोकांनी आपसात एक नौकाविहार मंडळ काढलं, आणि होडी मंडळाची झाली. सहा दिवस साखळीने धक्क्याला बांधलेली, किल्ली साहेबांच्या खिशात. रविवारी सुटायची. पालघरहून, मुंबईहून पाहुणे यायचे. गळ टाकायचे, रेडिओ लावायचे, मधल्या बेटावर जेवायचे. बेट म्हणजे काय, तर पूर्वी जिथे पाड्याची गुरं चरायची त्या टेकडीचं डोकं. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, ते मला मान्य आहे. पण यांनी तळंही राखलं नव्हतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते सगळे.

आणि जिवाला याच्यातलं काही माहीत नव्हतं. तो किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. समुद्रावर वाढलेला, बापाच्या मागे होडीचा तांडेल झालेला. वादळात होडी खडकावर फुटली, भाऊ वेगळे झाले, आणि दुसऱ्याच्या होडीवर हा टिकेना, कारण मालक बोलला की हा दोन शब्द जास्त बोलणार. कुणीतरी सांगितलं की धरणावर गावकऱ्यांना पलीकडे न्यायला होडीवाला पाहिजे. म्हणून पंचेचाळिशीत समुद्र सोडून हा माणूस इकडे रानात आला होता. पहिल्या रविवारी त्याच्या होडीत गॉगल लावलेली माणसं चढली, तेव्हा तो साहेबांना म्हणाला, "पाड्यावरची मानसं कुठं हायेत?"

साहेब हसले. म्हणाले, "त्यांचंही बघू."

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. मला नेहमी 'गोजराबाई' म्हणायचे, भाजी आवडली तर आवडली म्हणून सांगायचे. पण 'बघू' हा शब्द त्यांच्या तोंडात पानासारखा असायचा. सारखा चघळायचा, गिळायचा कधीच नाही.

एका रविवारी मी बेटावर जेवण करायला होडीत होते. सावरपाड्याच्या काठाजवळून होडी चालली होती आणि काठावर पाच-सहा माणसं हात वर करून उभी होती. त्यांना वाटायचं, एस.टी. जशी हात दाखवला की थांबते तशी सरकारी होडीही थांबेल. होडीतल्या पाहुण्यांना वाटलं, आदिवासी आपलं स्वागत करताहेत. बायकांनी रुमाल हलवले. एकाने फोटो काढला. काठावरची माणसं आणखी जोरात हात हलवायला लागली, तसे हेही हलवायला लागले. जिवाने वल्ही उचलून धरली, क्षणभर मला वाटलं की हा आता कुणाच्या तरी डोक्यात घालतो. मग साहेब म्हणाले, "चल, चल," आणि तो चालला. त्या रात्री तो जेवला नाही. मी भाकरी घेऊन गेले तर मलाच शिव्या दिल्या.

आता लग्नाचं सांगते.

सावरपाड्यात सुका आणि मंगळी म्हणून जोडपं होतं. जोडपं म्हणायचं, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. वारल्यांत तसं चालतं. पोरीपोराचं जमलं की घर मांडतात, मुलंबाळं होतात, आणि पैसाअडका, धान्य, दारू जमली की मग लग्न लावतात. त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण एक आहे: आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोटच्या पोरीचं लागत नाही. सुका-मंगळीची लाडकी आता लग्नाची झाली होती. डोंगरीपाड्याचा नवशा तिला पसंत होता. म्हणून ठरलं की एकाच मांडवात आधी आईबापाचं उरकायचं, मग पोरीचं.

आणि वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघाट देवी बसते, आणि धवलेरी गाऊन तिला बोलावते. धवलेरी गायली नाही तर लग्न नाही, मग भले मांडवात राजा येऊन बसो. त्या टापूत आता एकच धवलेरी उरली होती, नवसी. तिचं घर सडकेच्या बाजूला बसवलेल्यांत. म्हातारी, दोन्ही गुडघे सुजलेले. डोंगराच्या वळशाने तिला न्यायचं तर डोली करून न्यायला हवं होतं. आधीच्या वर्षी असंच एका लग्नाला नेताना डोलीचा बांबू मोडला, म्हातारी दगडांवर आपटली आणि महिनाभर अंथरुणाला खिळली. तिने सांगून टाकलं होतं, डोलीत बसणार नाही.

मग सुका जिवाला येऊन भेटला. जिवा म्हणाला, "साखळीची किल्ली माज्याकडं नाय. फक्त रयवारी होडी सुटते."

"तं आयतवारी लगीन धरू," सुका म्हणाला.

झालं. सगळ्या पाड्याने रविवार धरला. होडी रविवारी जातेच आहे, आपल्या काठावरून जाते, जाता जाता म्हातारीला उतरवेल. यात कुणाला विचारायचं काय? एस.टी.त बसताना कुणी कलेक्टरची परवानगी घेतो का? आणि जिवाने शब्द दिला, "आनतो तिला." तांडेलाचा शब्द म्हणजे त्याच्या दृष्टीने पोचल्यासारखंच. मी म्हटलं, "साहेबांना विचारलंस का?" तर म्हणाला, "सावरपाड्याची होडी हाय. साहेबाला काय विचारू?"

चैत्रातला रविवार. नवसी सकाळीच धक्क्याच्या पायरीवर येऊन बसली. स्वच्छ लुगडं, केसांना तेल, शेजारी फडक्यात बांधलेलं काहीबाही. मी तिला चहा दिला. उन्हं चढली तसे मुंबईचे पाहुणे आले. दोन मोटारी भरून. बर्फाची पेटी, सतरंज्या, पत्ते, रेडिओ. मी भांडी होडीत चढवत होते. जिवाने साहेबांना सरळ सांगितलं की ही पलीकडे लग्न लावायला चालली आहे, वाटेत उतरवतो.

साहेब म्हणाले, "आज नको रे. पाहुणे आहेत."

"मागं जागा हाय. गादीवर नाय बसायची ती."

"जागेचा प्रश्न नाही, जिवा. एकाला घेतलं की उद्या सगळा पाडा येऊन बसेल."

होडी पाड्याचीच तर आहे! माझ्या तोंडात शब्द आला होता. पण बन्सीची नोकरी डोळ्यांसमोर आली आणि मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अहो, घेऊ या ना, म्हातारी आहे." तेव्हा बरं वाटलं मला. पण तिच्या नवऱ्याला लगेच कल्पना सुचली. "ही लग्नातली गाणी म्हणते ना? मग आम्हाला म्हणून दाखवू दे. होडीत गात गात जाऊ, आणि सोडू तिला पलीकडे. काय साहेब?" साहेबांनाही पटलं. मान डोलावून ते नवसीजवळ गेले आणि समजावून सांगायला लागले, जणू केवढा उपकार.

नवसीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तां गाना असां नाय गात."

"अगं, थोडंसंच."

"गायला का देवी येते. हितं आली तं तिला बसवू कुठं? चौक नाय, नवरा नाय, नवरी नाय. तिला काय सांगू, कशाला बोलावली?" आणि मग हळू म्हणाली, "दुसरा गाते. भात लावायचा गाना हाय, तां गाते. बारकी पोरां निजवायचा हाय."

म्हातारी पायरीवरून उठून पुढे आली होती. आपल्या परीने जेवढं देता येईल तेवढं देत होती. पण पाहुण्याला लग्नातलंच हवं होतं. "लग्नाचंच म्हण. नाहीतर राहू दे," तो हसत म्हणाला. त्या हसण्याची मला अजून चीड येते. त्याचं काहीच जाणार नव्हतं, आणि पलीकडे मांडव घालून दोन नवऱ्या बसल्या होत्या.

नवसी परत पायरीवर जाऊन बसली. साहेब म्हणाले, "चल जिवा, सोड."

मला वाटलं, आता हा फुटणार. पण जिवा एक शब्द बोलला नाही. ओठ मिटून वल्ही मारत राहिला. जिवा बोलत असला की काळजी नसायची. गप्प बसला म्हणजे समजावं.

बेटावर त्याने सगळं नीट उतरवलं. एरवी नुसतं काठावर फेकायचा. त्या दिवशी सतरंज्या झाडाच्या सावलीत नेऊन पसरल्या, पाण्याची घागर दगडांत घट्ट बसवली, बर्फाची पेटी उन्हातून आत सरकवली. मला चुलीसाठी लाकडं आणून दिली. "भात लौकर घाल," म्हणाला. "पावनं उपाशी राह्याला नाय पायजेत." मग होडीत चढला आणि वल्ह्याने काठाला रेटा दिला.

साहेब ओरडले, "ए! कुठे निघालास?"

"सावरपाड्याची होडी हाय," तो तिकडूनच म्हणाला. "सावरपाड्याला निघाली."

आधी सगळ्यांना वाटलं, गंमत करतो आहे. होडी धक्क्याला लागली, नवसीला उचलून आत घेतलं, आणि होडी पलीकडच्या काठाकडे वळली, तेव्हा गंमत संपली. साहेब पाण्यात पोटरीपर्यंत शिरून ओरडत होते. मला म्हणाले, "गोजराबाई, तुम्ही हाक मारा, तुमचा आवाज मोठा आहे." मी म्हटलं, "न्हाई हो साहेब, घसा बसलाय." बन्सीला मी भिंतीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारते. पण त्या दिवशी घसा बसला होता, तो बसलाच होता.

मग मी भात घातला. जेवले बिचारे. बर्फ वितळला, पत्ते खेळून झाले, रेडिओतली गाणी संपून बातम्या लागल्या. ऊन फिरलं तशी सावली सरकली आणि त्यांच्या सतरंज्याही सरकल्या. पलीकडून ढोल ऐकू यायला लागला. एका पाहुण्याने विचारलं, इथे साप आहेत का? मी म्हटलं, हो. पाणी चढलं तेव्हा सगळ्या खोऱ्यातले इथेच वर आले. हे खरंही होतं, आणि सांगताना मला आनंद झाला हेही खरं. त्यांना काय झालं होतं? पोट भरलेलं होतं, सावली होती. फक्त पलीकडे जायचं होतं आणि होडी नव्हती. एवढ्यानेच माणसं रडकुंडीला आली.

मांडवातलं मला पुढे मंगळीनेच सांगितलं. नवशाकडची माणसं वाट बघून उठायच्या बेतात होती. तेवढ्यात पाण्यावर निळी होडी दिसली. मंगळीला हळद लावायला तिची लाडकीच बसली, आईला लाज वाटत होती, व्याह्यांसमोर नवरी व्हायची, तर पोर म्हणाली, "बायस, तोंड वर कर." नवसी भिंतीला टेकून बसली आणि गायला लागली. आधी आईबापाचं लागलं, मग पोरीचं. जिवापुढे ताडीने भरलेला भोपळा ठेवला तर त्याने तो परत सारला. म्हणाला, "धवलेरीला परत न्यायाची हाय. पोचल्यावर दे."

सूर्य बुडता बुडता होडी बेटाला लागली. नवसी मागच्या फळ्यांवर अंगाची मुटकुळी करून पडली होती. जिवा म्हणाला, "चला." एवढंच. सगळे निमूट चढले. कुणी तिला उठ म्हटलं नाही. मध्येच, सकाळी 'घेऊ या ना' म्हणालेल्या त्या बाईने विचारलं, "झालं का हो लग्न?"

नवसीने डोळे न उघडता सांगितलं, "दोन जाली."

दुसऱ्या दिवशी पालघरहून हवालदार आला. जिवाला ओसरीवर बसवला होता, मला आत बोलावलं. साहेबांच्या शेजारी तो लग्नाचं गाणं मागणारा मुंबईचा पाहुणाही होता. तक्रार तयारच होती. होडीवाल्याने दारूच्या नशेत पाहुण्यांना बेटावर टाकलं आणि सरकारी होडी पळवली. म्हातारीचा, लग्नाचा, गाण्याचा त्यात उल्लेख नव्हता. कसा असेल? तो आला असता तर सगळंच आलं असतं. आंब्याखालची सभाही आली असती.

बाहेरून जिवाचा आवाज येत होता. नोकरी जाणार याचं त्याला काही नव्हतं. "होडी नेली म्हना," तो ओरडत होता. "मानसं टाकली म्हना. पन प्यालेला तांडेल म्हनू नका! दांडीत तोंड कसा दावू? प्यालेल्याच्या होडीत कोन बसल?"

साहेब मला म्हणाले, "गोजराबाई, तुम्ही दिवसभर तिथे होता. सांगा हवालदारांना, प्यायलेला होता ना?" आणि मग अगदी मऊ आवाजात, "बन्सीचं कायम व्हायचंय ना या महिन्यात? बघू आपण ते."

पुन्हा बघू. मी वर्षभर त्या 'बघू'साठी भाकऱ्या थापल्या होत्या. बन्सी दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. तेवढं मला पुरलं.

मी म्हटलं, "थेंबभर पेलेला न्हवता. तो चिडलेला हुता. लिवा तसं."

हवालदाराने लेखणी थांबवली. माणूस वाईट नव्हता, साहेबांकडे बघत, जरा ओशाळून म्हणाला, "बाई, चिडल्याचं कलम नसतं."

"मग नवं कलम काढून ठेवा," मी म्हटलं. "लागंल."